तुझ्या कादंबरीतलं मिठागर

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
रविवार, ९ जुलै १९९५

चि. पराग,

आशीर्वाद देण्याचा थोरल्या भावाचा हक्क तूर्त राखून ठेवतो, कारण हे पत्र तक्रारीचं आहे आणि तक्रार गंभीर आहे. तुझ्या नव्या कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात तुझा खुनी भर जुलै महिन्यात पालीच्या किनाऱ्यावर जाऊन ताजं पापलेट विकत घेतो. त्याआधी त्याने एका माणसाचा गळा दाबलेला आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो त्याचा आणि तुझा प्रश्न. पण जुलैत पालीच्या होड्या वाळूवर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात कोणी जात नाही. मग हे पापलेट आलं कुठून? बर्फातलं असेल तर तुझा खुनी पोलिसांच्या आधी कोळणीकडूनच पकडला गेला म्हणायचा. आपल्या अख्ख्या घरात मासे खाणारा तू एकटा, आणि ही चूक दाखवायला लागली ती वरण-भातावर वाढलेल्या संस्कृतच्या मास्तराला. नववी ‘ब’मधल्या एखाद्याने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

पूर्वी अशी चूक तुझ्याकडून होत नसे. बरोबर येणारं माणूस होतं तेव्हा.

बाकीच्या जागा जागच्या जागी आहेत, हे कबूल करतो. पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागे बांधकाम चाललेली ती इमारत, जिच्या जिन्यावरून तुझा हवालदार घसरतो, ती मी मुद्दाम जाऊन पाहिली. माणूस घसरेल असाच जिना आहे. आपल्या बिल्डिंगचा जिना तर आता प्रसिद्धच झाला. खाली सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवणाऱ्या हंसाबेन परवा मला थांबवून म्हणाल्या, “गुनवंतसर, तुमचा भाऊ काय मस्त लिवते! नालासोपाऱ्यावरून दोन पोरं आली. बोलली, आंटी, वो खूनवाला जीना किधर है? मी डायरेक्ट तुमची बिल्डिंग दाखवून दिली.” समोरच्या शैलाताई मात्र अजून रागावलेल्या आहेत. मागच्या कादंबरीत तू त्यांच्या दारात प्रेत ठेवलं होतंस. “ठेवायचं तर ठेवा,” म्हणतात, “पण निदान पायपुसणं तरी चांगलं दाखवायचं!”

चौदाव्या प्रकरणाबद्दल, म्हणजे मिठागराच्या उघाडीत, पाण्याच्या त्या झडपेशी, तुझ्या गुप्तहेराला जे म्हातारे गृहस्थ मृत सापडतात त्यांच्याबद्दल, मी या पत्रात लिहिणार नाही. घाम पुसायला कॉलरखाली रुमाल घालणारी माणसं जगात पुष्कळ असतील. आईने अजून वाचलेलं नाही. हंसाबेनना सांगून ठेवलंय की आईने मागितलं तर प्रत बाहेर गेलीय म्हणा.

इंदूरला पाऊस झाला असेल. पुस्तकाची प्रत पाठवल्याबद्दल आभार मानले असते, पण ती तू पाठवली नाहीस, मी विकत घेतली.

गुणवंत

६ ऑगस्ट १९९५

पराग,

आईने वाचलं.

हंसाबेननी शब्द पाळला. पण शैलाताईंनी ठाण्याहून स्वतःची प्रत विकत आणली, या खेपेला आपल्या दारात कोण आहे ते बघायला. कोणीच नाही हे पाहिल्यावर त्या जरा नाराज झाल्या आणि पुस्तक आईकडे देऊन गेल्या.

आईला दोन दुपारी लागल्या. दुसऱ्या दुपारी मी शाळेतून आलो तेव्हा ती मोरीत तोंड धूत होती. बराच वेळ धूत होती. बाहेर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. वासंतीने माझ्या हातात चहा दिला आणि हळूच म्हणाली, “अहो, आत्ता काही विचारू नका.” मी विचारलं नाही. चहा निवला होता एवढंच माझ्या लक्षात आलं.

मग आईच म्हणाली, “परागला सापडले.”

“कोण?”

“कोण म्हणजे? मास्तर ना तू? यांच्याबद्दल बोलतेय.”

“आई, ती कादंबरी आहे. आणि त्यातल्या गृहस्थांचं नाव अप्पा आहे.”

“नाव तर तो बदलतोच. मागच्या वेळी शैलाचं नाव सुलू केलं होतं. दार शैलाचंच होतं ना?”

मी म्हटलं, “दार होतं, पण प्रेत नव्हतं.”

“ते मला सांगू नकोस. मुर्ध्याच्या मिठागराची उघाडी. ती जागा त्याला कोणी दाखवली होती?”

याचं उत्तर मला ठाऊक होतं.

तुम्हा दोघांचे ते रविवार तुला आठवत असतील. दाजींची गोदीतली नोकरी संपली, गिरगावातली खोली सोडून आपण इथे आलो, आणि त्यांना करायला काही उरलं नाही. तेव्हा तूच त्यांना काम दिलंस. मुलगा आणि बाप सकाळी निघायचे, खून करायला जागा शोधायला. वासंती त्याला ‘आठवड्याची खरेदी’ म्हणायची. दाजी परत आले की आईला अहवाल द्यायचे: “आज जेसल पार्कची चौपाटी बघितली. मी म्हटलं, पराग, इथे नको रे, पोरं क्रिकेट खेळतात.” मिठागरात खाडीचं पाणी घ्यायची आणि अडवायची ती जुनी लाकडी झडप त्यांनीच तुला दाखवली आणि म्हणाले, “ही मागे ठेव. चांगल्या पुस्तकाला वापर.” घरी येऊन त्यांनी हे आईलाही सांगितलं होतं.

पुढे प्रत्येक पुस्तक आल्यावर आई वासंतीला घेऊन जागा तपासायला जायची. पालीच्या त्या गल्लीत ती स्वतः दोन्ही भिंतींना हात लावून उभी राहिली होती. तू लिहिलं होतंस की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे व्हावं लागतं. समोरून स्कूटर आली आणि आईला मागे व्हावं लागलं. घरी येऊन म्हणाली, “तो खोटं लिहीत नाही हो.” आपल्या आईच्या मते कादंबरी म्हणजे काय, हे त्या दिवशी ठरलं आणि आपण सगळे हसलो.

दाजींना जाऊन याच महिन्यात सहा वर्षं होतील. ‘जाऊन’ म्हणजे घरातून जाऊन. हा शब्द मी जपून वापरतो. तू जपला नाहीस, आणि त्यावरूनच सगळं झालं. भाजी आणतो म्हणून छत्री आणि पिशवी घेऊन ते खाली उतरले, आणि तिथून पुढे कोणालाच काही सांगता आलं नाही. ना भांडण, ना आजार, ना चिठ्ठी. तेव्हा आपण मिठागरंही पालथी घातली होती. ती झडप तू आणि मी समोर उभं राहून उचलायला लावली होती. आत पाणी होतं. तिसऱ्या वर्षी तू जेवताना म्हणालास, “आई, ते आता नाहीत. एकदा म्हणून टाक.” आई म्हणाली, “हे पुन्हा म्हणायचं असेल तर या घरात येऊ नकोस.” तू इंदूरला बदली मागून घेतलीस.

जे तुझ्या तोंडून तिने ऐकून घेतलं नाही, ते छापून आल्यावर तिला पटलं. तुझ्या लेखनशैलीचा याहून मोठा गौरव होणार नाही.

एक कर. तिला चार ओळी लिही की हे मी रचलं. तुझ्या तोंडून ऐकेल. माझ्या तोंडून ऐकत नाही, मला शाळेत ऐकायची सक्ती असलेल्यांचीच सवय आहे.

गुणवंत

२४ सप्टेंबर १९९५

पराग,

कार्ड पोचलं. तीन वर्षांचा मजकूर एका पोस्टकार्डात बसवून वर जागा शिल्लक ठेवणं, हे कसब आहे. मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं: ‘जागा खरी आहे. बाकी सगळं माझ्या डोक्यातलं. आईला सांग.’

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “काय लिहितोय? जागा खरी आहे?”

“आणि बाकी सगळं डोक्यातलं आहे.”

“जागा खरी ना? मग झालं.” आणि निवडत राहिली. जरा वेळाने म्हणाली, “कार्डावर याहून जास्त कसं लिहील बिचारा? पोस्टमन वाचतो.”

म्हणजे तू ‘नाही’ म्हणालास आणि ते ‘हो’ म्हणून पोचलं. यात दोष कोणाचा ते मला ठरवता येत नाही. तू ते पहिलं वाक्य लिहायला नको होतंस. पण ते खोटं नाही, आणि तू खोटं लिहीत नाहीस.

गौरी आल्या तेव्हा शैलाताई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन नेहमीसारख्या आल्या. दार आईने उघडलं. त्यांनी कपाळ पाहिलं आणि ताट घेऊन तशाच मागे सरकल्या. मग जिन्यात रडायला लागल्या. आई त्यांना समजावत होती, “रडू नकोस गं. बातमी आलीय मला. आता बरं आहे.” दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगमधून डबे यायला लागले. कोणाकडे माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारी जेवण पोचवतात, ते डबे. पहिल्या मजल्यावरचे मेहता खिचडी-कढी पाठवतात, शैलाताई पिठलं-भात. सुतक नसलेल्या घरात सुतकाचं जेवण येतंय. नको म्हणायला गेलो तर मेहता माझा हात धरून म्हणाले, “सर, दुख में आदमी को भूख का पता नहीं चलता.” मला पत्ता चालतो. मी जेवतो. कढी चांगली असते.

आईला आता क्रिया करायची आहे. म्हणून मी तिला सदू गुरुजींकडे नेलं. मला खात्री होती की शास्त्र माझ्या बाजूने आहे. माणूस परागंदा झाला आणि काही वार्ता नसेल तर बारा वर्षं वाट पाहायची, मगच पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी द्यायचा, तोवर बाईचं कुंकू पुसायचं नाही. गुरुजींनीही तेच सांगितलं. मग विचारलं, “पण वार्ता आलीय म्हणता ना?”

आईने पिशवीतून तुझी कादंबरी काढून पाटावर ठेवली. मुखपृष्ठावर पिस्तूल आहे आणि एक बाई किंचाळतेय. पूर्ण कादंबरीत एकही बाई किंचाळत नाही, ही दुसरी तक्रार.

मी म्हटलं, “गुरुजी, हे प्रत्यक्ष नाही, अनुमानही नाही.”

गुरुजी म्हणाले, “शब्द आहे. लेखक कोण?”

“धाकटा मुलगा,” आई म्हणाली.

“मग मास्तर, तुम्हीच सांगा. आप्ताचा शब्द प्रमाण की नाही?”

पंचवीस वर्षं मी हे मुलांना शिकवतोय. विश्वासू माणसाने सांगितलेलं हेही ज्ञानाचं साधन. फळ्यावर लिहितो, खाली रेघ ओढतो. त्याच रेघेला पाय अडकून पडायला होईल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, “पण तो कादंबरीकार आहे.” गुरुजी म्हणाले, “मुलगा आधी, मग कादंबरीकार. पुस्तक ठेवून जा, बघतो.” चार दिवसांनी त्यांनी ते परत केलं आणि विचारलं, याच्या आधीचं आहे का?

गुरुवारी गणपती दूध प्याले. तुमच्याकडेही प्याले असतील. आमच्या हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत शिपायाला दूध आणायला पिटाळलं. अशा आठवड्यात कशाला काय प्रमाण, हे मी कोणाला सांगणार होतो?

तू एकदा सविस्तर लिही. पाकिटात घालून. जागेचा उल्लेख न करता.

गुणवंत

२९ ऑक्टोबर १९९५

पराग,

मागची विनंती मी मागे घेतो. का ते सांगतो.

दिवाळी आम्ही केली नाही. आईचं म्हणणं, वर्ष झालेलं नाही. दिवाळी संपल्यावर म्हणाली, “मला तिथे घेऊन चल.” मी ने-आण करण्यात पटाईत आहे. रिक्षाने पश्चिमेला गेलो, तिथून मुर्ध्याची बस धरली. उतरल्यावर बांधावरून चालत गेलो. आई पुढे, मी मागे. तिला रस्ता विचारावा लागला नाही. चौदाव्या प्रकरणात तू तो इतका नीट दिला आहेस की आंधळाही पोचेल.

मिठागरात अजून मीठ नाही, पावसाचं मचूळ पाणी आहे, त्यात आभाळाचं प्रतिबिंब पडलेलं. पत्र्याच्या खोलीतून राखणदार बाहेर आला. महिपत नाव त्याचं. “कोन पायजे?”

आई म्हणाली, “उघाडी कुठेय?”

“ती काय. पन तिकरं चिखल हाय, आये. पाय घसरंल.”

“इथे एक म्हातारे गृहस्थ सापडले होते.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तो म्हणाला, “कवा? मी हिकरंच असतंय. हिते कोन न्हाय सापरला.”

“तुम्ही बघितलं नसेल.”

महिपत तिच्या कपाळाकडे पाहत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, “आसंल, आये. मी काय सगल्या टायमाला हिते नसतंय.” आणि तिला हात धरून बांधावरून खाली नेलं. मला मागून म्हणाला, “काय हरवलाय का त्यांचा?”

आईने ऐकलं. वळून म्हणाली, “हरवलं होतं. आता सापडलं.”

ती झडपेजवळच्या दगडावर बसली. पत्र्याची खोली, ताडाची झाडं, लाकडावरचा हिरवा थर, बोट दाखवून दाखवून एकेक मोजून घेतलं. “बघ, सगळं आहे.” पाण्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली. रडली नाही. मी म्हटलं काहीतरी वाटेल मला, निदान तिच्याकडे बघून. बगळे होते पुष्कळ. मी बगळे बघत होतो. सहा वर्षांपूर्वी याच झडपेशी आपण दोघं उभे होतो आणि ती उचलेपर्यंत तू माझं मनगट धरून ठेवलं होतंस, निळं पडलं होतं नंतर. ते आठवलं, पण दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं.

“चल,” आई म्हणाली. “भूक लागली.”

स्टेशनबाहेर तिने उभ्याने वडा खाल्ला. दुसरा मागितला. घरी येऊन झोपली, भर दुपारी. दूधवाल्याने बेल दिली तरी उठली नाही. तुला इंदूरला कल्पना नसेल. सहा वर्षं बेल वाजली की सगळ्यात आधी आई उठायची. गुडघे दुखायला लागल्यावरही. वासंतीच्या सांगण्यावरून बेल बदलून बघितली, आवाज बदलून बघितला, तरी उठायची. त्या दिवशी बेल वाजली आणि आई घोरत होती. वासंती स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेली.

तेव्हापासून ती बरी आहे. जेवते. शैलाताईंशी भांडते. हंसाबेनकडून पुस्तकं आणते, तुझी नाही, स्वयंपाकाची.

गुरुजींनी कार्तिक अमावास्या धरली आहे. बुधवार येतो, २२ नोव्हेंबर. पळसाची पानं ते घोडबंदरच्या डोंगरातून मागवतात. दर्भाने बांधायची, हातापायांचा आकार द्यायचा, डोक्याच्या जागी नारळ. मला हे सगळं पाठ आहे. पाठ असलेली गोष्ट करायला सोपी जाते असा माझा समज आहे.

तेव्हा आता सविस्तर लिहू नकोस. थोडक्यातही लिहू नकोस. खरं काय आणि डोक्यातलं काय हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तेवढं पुरे. यायचं असेल तर ये. अग्नी मीच देईन, थोरला आहे. पण पुस्तक तुझं आहे, तू असायला हरकत नाही.

गुणवंत

गुरुवार, १६ नोव्हेंबर १९९५

पराग,

पळसाची पानं आली. गुरुजींचा माणूस गोणी भरून टाकून गेला. वासंतीने ती गॅलरीत जुन्या चादरीवर पसरली आहेत, कुजू नयेत म्हणून. कपडे वाळत घालायला जागा नाही, तर माझे शाळेचे शर्ट शैलाताईंच्या दोरीवर वाळतायत. मेहतांचा नातू विचारून गेला, “सर, पत्रावळी बनवणार?” वासंती म्हणाली, “हो.”

आईने सगळं हातात घेतलंय. तीळ पुरतील का, जव कुठले आणले, गुरुजींना धोतर द्यायचं की उपरणं. काल मला म्हणाली, “परागला पत्र टाकलंस ना? त्याला म्हणावं, मी रागावलेली नाही. त्याने शोधलं म्हणून झालं हे.” तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं आहे. याच्यावर तू काय करायचं ते तू ठरव.

आता दुसरं. हे वासंतीला सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच.

सोमवारी शाळेत हवालदार आला. तू गेलास त्यानंतर बदलून आलेला आहे, पण दाजी बेपत्ता झाल्याचा आपला अर्ज त्याच्याकडे आहे. वर्गाबाहेर उभा राहून म्हणाला, “सर, वसईच्या पलीकडे एक आश्रम आहे, निराधार माणसांचा. तिथे एक बाबा आहेत. कुठून कुठून फिरत दोन वर्षांपूर्वी आणलेले. नाव सांगत नाहीत. वय, उंची, रंग, तुमच्या अर्जाशी जुळतंय. येऊन बघून जा.”

मी विचारलं, “मराठी बोलतात?”

“बोलतात म्हणजे, काही विचारलं की ‘बरं’ म्हणतात. जेवता का? बरं. झोपता का? बरं. तब्येत एकदम ठीक आहे हो. बसून असतात.”

“उद्या येतो,” मी म्हटलं, आणि वर्गात गेलो. धडा पुढे चालू केला.

याआधी पोलिसांचे निरोप आलेले तुला माहीत आहेत. तू इथे असताना आपण दोघं जायचो, नंतर मी एकटा गेलो. ते सगळे निरोप मेलेल्या माणसांचे होते. निरोप आला की मी त्याच पावली निघायचो. ठाण्याच्या शवागारातून निरोप आला तेव्हा तर तास अर्धवट टाकून, खडू हातात घेऊन गेलो होतो. मृतदेहावरची चादर बाजूला करायचे, मी ‘नाही’ म्हणायचो, कागदावर सही करायचो, बाहेर येऊन चहा घ्यायचो आणि घरी येऊन आईला सांगायचो की नाही. ती म्हणायची, “मला माहीतच होतं.”

हा पहिलाच जिवंत माणसाचा निरोप आहे.

मंगळवारी मी गेलो नाही. सहामाहीचे पेपर तपासायचे होते. बुधवारी तपासून झाले. आज मधल्या सुट्टीत हेडमास्तरांकडे रजा मागायला गेलो आणि तिथे उभा राहून त्यांना उद्याच्या प्रार्थनेबद्दल काहीतरी विचारून परत आलो. वसई काही लांब नाही. खाडी ओलांडली की झालं.

मी स्वतःला शाळेतल्यासारखे प्रश्न विचारून पाहिले. राग आहे का? नाही. दुःख आहे? शोधावं लागेल. ते दाजी असतील असं वाटतं का? सांगता येत नाही. उंच, गोरे, बसून असणारे म्हातारे पुष्कळ असतात. बहुधा नसतील. मग जाऊन ‘नाही’ म्हणून यायला काय हरकत आहे? तिथे येऊन मी थांबतो.

आईला सांगितलं तर ती आत्ता उठेल. कपाळ तसंच घेऊन, गुडघे तसेच घेऊन, मिळेल त्या गाडीने जाईल. आणि नसले ते, तर परत येऊन पुन्हा प्रत्येक बेलला उठायला लागेल. असले, तर त्यांना घेऊन येईल. ते खुर्चीत बसतील. आम्ही विचारू, दाजी, कुठे होतात? आणि ते म्हणतील, बरं. गॅलरीत पळसाची पानं वाळतायत.

येत्या बुधवारच्या आधी मधे पाच दिवस आहेत. हे पत्र तुला त्याआधी मिळावं म्हणून उद्या सकाळी स्टेशनवरून टाकतो. मिळालं तर ये आणि आधी माझ्याबरोबर तिकडे चल. एकट्याने जायचा धीर नाही असं नाही. मी एकटा गेलो तर तिथे काय सांगून येईन, याचा मला भरवसा नाही.

आणि ज्याची खरोखर काळजी वाटते तेही लिहून टाकतो, पराग. ते दाजी नसतील, याची मला काळजी नाही. असतील, याची आहे.

गुणवंत